बाराखडी तोंडपाठ, पण धडा वाचताना मात्रा गळतात

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा दुसरीत आहे, मराठी माध्यम, सोबत सेमी इंग्रजी. बाराखडी न अडखळता घडाघडा म्हणतो. पण पुस्तक समोर धरलं की 'शेतकरी'चं 'शतकर' होतं, 'मिरची'पाशी गाडी थांबते, 'पोट' छापलेलं असेल तिथे 'प्वाट' म्हणतो. इंग्रजीत 'कॅप' आणि 'केप' त्याला एकसारखेच दिसतात. बाराखडी अजून घोटून घेऊ का शिकवणी लावू, असं तुम्ही विचारलंय.

मी इथे कोल्हापुरात पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवते, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी पालक येतातच. बाराखडी आणखी घोटून घेऊ नका, हे आधीच सांगते. शिकवणीचं नंतर बोलू. तुमच्या मुलाला अक्षरं येत नाहीत असं मला वाटत नाही. त्याला बाराखडी ओळीने येते, पण त्या ओळीतून एखादी खूण बाजूला काढून दाखवली तर ती ओळखू येत नाही. म्हणायला येणं आणि वाचायला येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खात्री करायची असेल तर आज संध्याकाळी एवढंच करा. कागदावर मोठ्या अक्षरात 'कु' लिहा आणि विचारा, हे काय? त्याच्या ओठांकडे बघा. पटकन 'कु' म्हणाला तर उत्तम. ओठ हलले, 'क का कि की कु' असं मनात म्हणत तो तिथपर्यंत पोचला, तर बाराखडी त्याला गाण्यासारखी पाठ आहे. मग 'मो', 'टे', 'बी', 'सू' असं कुठलंही अक्षर, कुठलीही खूण उलटसुलट विचारा. कुठल्या खुणेला तो थांबतो ते लिहून ठेवा. चार-पाच दिवस तो धडा वाचताना होणाऱ्या चुकाही तशाच टिपा, मात्र त्याच्या समोर नको. ही यादी हातात असेल तर निम्मं काम झालं, कारण सगळी मुलं एकाच जागी अडत नाहीत. कुणाची मात्रा गळते, कुणी 'के' आणि 'को'मध्ये गोंधळतं, कुणी पहिलं अक्षर बरोबर वाचून पुढचा शब्द अंदाजाने ठोकून देतं. 'शतकर' हे मात्रा आणि वेलांटी नजरेतून सुटल्याचं लक्षण आहे.

आणि ती सुटते याचं कारण आहे. आपल्या लिपीत 'अ'ला वेगळी खूण नाही, नुसत्या 'क'मध्येच तो बसलेला असतो. बाकीचे स्वर अक्षराच्या चारही बाजूंना येऊन चिकटतात. मात्रा डोक्यावर, उकार पायाशी, काना आणि दुसरी वेलांटी उजवीकडे, आणि पहिली वेलांटी चक्क डावीकडे, म्हणजे अक्षराच्या आधी. आवाज मात्र नेहमी अक्षरानंतरच येतो. सहा-सात वर्षांचं मूल डावीकडून उजवीकडे बोट सरकवत वाचायला नुकतं शिकलेलं असतं. त्याच्या नजरेला आता वर, खाली आणि मागेही बघायचं असतं. म्हणून ते जाड, मोठं व्यंजन पकडतं आणि बारीक खूण सोडून देतं. बारीक छपाईच्या स्वस्त पुस्तकात उकार तर खालच्या ओळीत मिसळून जातात, ती पुस्तकं सध्या बाजूला ठेवा.

आता बाराखडीचं बघा. ती आडवी असते, एक व्यंजन आणि त्याला बारा खुणा. व्यंजनं तीस-पस्तीस धरली तर चारशेच्या आसपास अक्षरं होतात, आणि मुलाला ती सगळी वेगवेगळी पाठ करायची आहेत असं वाटत राहतं. मी ती उभी घेते. एक खूण आणि तिला सगळी व्यंजनं. आठवडाभर फक्त काना: का, मा, ना, बा, ळा. काना म्हणजे 'आ', तो कुणालाही लागला तरी 'आ'च, हे एकदा डोक्यात बसलं की 'ढा' कधी न वाचलेलं मूलही 'ढा' वाचतं. चारशे अक्षरांचं ओझं उतरून दहा-बारा खुणांवर येतं.

खुणांचा क्रमही मी बाराखडीचा ठेवत नाही. सुरुवात बिनखुणेच्या शब्दांनी: घर, नळ, बस, कमळ, मगर. इथेच एक गोष्ट पक्की करून घ्या. आपण 'कमळ' लिहितो, पण शेवटचा 'ळ' पूर्ण उच्चारत नाही. 'करवत'मधला 'र'सुद्धा तोडून, 'कर-वत' असा म्हणतो. अक्षर अक्षर जुळवणारं मूल 'क-म-ळ' असं लांबवत म्हणतं आणि शब्द ओळखतच नाही. म्हणून जुळवून झालं की 'आता बोलतोस तसं म्हण' असं सांगायचं, म्हणजे ते आपोआप 'कमळ' म्हणतं.

नंतर काना. त्याच्यानंतर दुसरी वेलांटी, कारण ती अक्षराच्या उजवीकडे येते आणि आजी, भाजी, पाणी, काठी असे घरातले कितीतरी शब्द तिच्यावर संपतात. मग एक मात्रा, मग काना-मात्रा, मग दोन्ही उकार. पहिली वेलांटी मुद्दाम उशिरा. अनुस्वार मध्येच कुठेतरी सहज येतो, रंकाळा आणि कळंबा ही तळी मुलांना आधीपासून माहीत असतात. दोन मात्रांसाठी पैसा आणि मैदान, आणि 'औ'साठी कोल्हापुरात काही शोधायची गरजच नाही, पावलोपावली चौक आहेत. वर्गात शिक्षिका वेगळ्या क्रमाने घेत असतील तर भांडू नका. घरी तुमचा क्रम चालू द्या, दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत.

रोज बसायचं कसं, ते जरा नीट सांगते, कारण सगळा फरक इथेच पडतो. पाटी घ्या. पांढऱ्या खडूने 'पर' लिहा, दोन अक्षरांत ऐसपैस जागा सोडून. तो वाचेल. आता लाल खडूने 'प'ला काना द्या. 'पार'. वडाचा पार. काना पुसा, दुसरी वेलांटी काढा. 'पीर'. मोहरमच्या दिवसांत कोल्हापुरातल्या पोराला पीर म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. पुसा, खाली दुसरा उकार. 'पूर'. पंचगंगेचा पूर त्याने पाहिला नसला तरी घरात ऐकलेला असतो. पुसा, डोक्यावर मात्रा. 'पेर'. उसाचं पेर, दातांनी सोलून खातात ते. आता तिथेच काना वाढवा. 'पोर'. बाकी काही हललेलं नाही, एक लाल रेघ बदलली आणि झाडाखालच्या पाराचं उसाचं पेर झालं. मूल हे डोळ्यांनी बघतं, आणि त्या बारीक रेघेकडे बघायचं असतं हे त्याला पहिल्यांदा कळतं.

मग उलट करा, आणि हा भाग चुकवू नका. तुम्ही म्हणा 'पूर', लाल खडू त्याच्या हातात द्या आणि खूण त्याला लावू दे. ऐकून खूण लावता येणं जास्त अवघड असतं, आणि ते जमलं की वाचन आपोआप सुधारतं. चुकीची खूण लावली तर 'चूक' म्हणू नका, त्याने काय लिहिलंय ते वाचून दाखवा: 'तू पोर लिहिलंस, मी पूर म्हटलं.' तो स्वतःच पुसतो.

असे गट आपल्या बोलण्यात भरपूर आहेत. गळ, गाळ, गूळ. तर, तार, तीर, तूर. माळ, मूळ, मेळ. दार, दूर, दोर. रोज एकच गट, दहा मिनिटं, पंधरा फार झाली. प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारत चला. अर्थ माहीत नसलेला शब्द बरोबर वाचला तरी मूल त्याला आवाजच समजतं, आणि मग धड्यातसुद्धा नुसते आवाज काढत राहतं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंचे तुकडे करून त्यावर हे शब्द लिहून ठेवा, आठवड्याने तेच पत्ते पिसून परत वाचायला द्या.

पहिली वेलांटी हे सगळ्यात मोठं अडणं असतं, तुमचा मुलगाही 'मिरची'पाशीच थांबतो. डोळ्याला आधी वेलांटी दिसते, पण तिचा आवाज एवढ्यात काढायचा नसतो. मी सांगते, बोट वेलांटीखाली ठेवू नको, 'म'खाली ठेव, 'म' म्हण, मग डावीकडे बघ. हाताने तो हिसका दहा-वीस वेळा झाला की डोळ्यालाही सवय लागते. शहरातल्या पाट्या यासाठी फार कामाला येतात. 'मिरजकर तिकटी' या एका नावात पहिली वेलांटी दोनदा आहे आणि शेवटी दुसरी. 'शिरोली', 'जोतिबा', 'बिंदू चौक' हे पुढचे टप्पे. केएमटीने, म्हणजे शहर बसने, जाताना बसची पाटी त्याला वाचू द्या, घाई असली तरी.

आता ह्रस्व-दीर्घ. अनेक घरांत इथे विनाकारण रडारड होते. रोजच्या मराठी बोलण्यात 'कि' आणि 'की' यांतला फरक आपण अर्थासाठी वापरत नाही. इकार-उकार लांब की आखूड हे बहुतेक वेळा तो शब्दात कुठे आलाय यावर ठरतं. शब्दाच्या शेवटी आला तर दीर्घ: पाणी, आजी, पेरू, साखरेची पुडी. 'आणि' हा रोज भेटणारा अपवाद. शेवटचं अक्षर बिनखुणेचं असेल तर त्याच्या आधीचा दीर्घ: पूर, गूळ, ऊस, बहीण. पुढे प्रत्यय लागला की तोच आखूड होतो: पुराचं, गुळाचा, उसाचं, बहिणीला. 'मुरगूड' या नावात दोन्ही दिसतात, 'मु' आखूड, 'गू' लांब. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द वेगळे चालतात, गुण आणि विष त्यातले. पण हा सगळा लिहिण्याचा प्रश्न आहे आणि तो तिसरी-चौथीत शांतपणे घेता येतो. वाचताना दोन्ही वेलांट्या म्हणजे 'इ' आणि दोन्ही उकार म्हणजे 'उ', एवढं दुसरीतल्या मुलाला पुरेसं आहे. वाचनाच्या वेळी 'पहिली का दुसरी' असं विचारून त्याला थांबवू नका.

'प्वाट'वर मला थोडं जास्त बोलायचंय, कारण तुम्ही ते चुकांच्या यादीत टाकलंय. आपल्या भागात, विशेषतः गावाकडे, तेलाला 'त्याल', पोटाला 'प्वाट', घोड्याला 'घ्वाडा', एकला 'येक', ओढ्याला 'वढा' म्हणतात. तुमच्या घरी आजी-आजोबा असं बोलत असतील तर मुलाच्या कानावर तोच स्वर आहे. त्याने छापलेलं 'पोट' बघून 'प्वाट' म्हटलं, याचा अर्थ त्याने 'प' पाहिला, काना-मात्रा पाहिली, शब्द ओळखला, अर्थ लावला आणि तो आपल्या घरच्या भाषेत सांगितला. हे वाचनच आहे, आणि चांगलं वाचन आहे. 'शतकर' ही चूक आहे, 'प्वाट' नाही. दोन्हींवर सारखंच रागावलं तर मूल गोंधळतं, कारण बरोबर ओळखूनही त्याला ओरडा बसलेला असतो. मग ते ओळखण्याची धडपडच सोडतं आणि मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघत वाचायला लागतं. मी वर्गात एवढंच सांगते: घरी आपण 'त्याल' म्हणतो, पुस्तकात 'तेल' छापतात, दोन्ही आपलेच शब्द. लिहिताना पुस्तकातला लिहायचा. मुलं हे सहज पेलतात.

असंच 'केले' आणि 'केलं'चं. पुस्तकात 'आईने जेवण वाढले' असतं आणि मूल 'वाढलं' वाचतं. आपण सगळे तसंच बोलतो. मी तिथे थांबवत नाही. फक्त कविता म्हणताना किंवा श्रुतलेखन घेताना छापलेली मात्रा बोटाने दाखवते.

हे सगळं घरची भाषा मराठी आहे असं धरून सांगितलं. घरी कन्नड, उर्दू किंवा सिंधी बोलत असतील तर शब्दांचे गट निवडताना मुलाला कुठले शब्द माहीत आहेत ते आधी बघावं लागतं, आणि वेळ जास्त लागतो. पहिलीतली बरीच शाळा बुडालेली असेल तरीही तेच.

इंग्रजीबद्दल. मराठीत खूण आणि आवाज यांचं नातं बरंचसं पक्कं आहे, काना म्हणजे 'आ'. इंग्रजीत स्वरांची अक्षरं पाच आणि स्वरध्वनी वीसच्या आसपास, त्यामुळे एकेक अक्षर बघून तिथे भागत नाही, शेजारी कोण आहे तेही बघावं लागतं. सी-ए-पी म्हणजे 'कॅप', पण शेवटी ई आला की 'केप', आणि तो ई स्वतः बोलत नाही. के-आय-टी 'किट', ई लागला की 'काइट'. एच-ओ-पी 'हॉप', ई लागला की 'होप'. सी-यू-बी 'कब', ई लागला की 'क्यूब'. हे चार जोड पाटीवर तसेच लाल खडूने शेवटचा ई लावून आणि पुसून दाखवा, पारा-पोराचा खेळ त्याला माहीत असल्याने तो लगेच धरतो. 'गिव्ह', 'हॅव्ह', 'कम' असे नियम मोडणारे शब्द येतील, ते तसेच पाठ करायचे. पुढचा टप्पा जोडस्वरांचा: ए-आय शब्दाच्या मध्ये येतो आणि ए-वाय शेवटी, दोन्हींचा आवाज 'ए', 'रेन' आणि 'डे' यांच्यासारखा.

आपल्या मुलांना इथे एक फायदा आहे. ॲ आणि ऑ आपल्याकडे लिहिता येतात, बॅट आणि बॉल ते रोज म्हणतात, आणि २००९ च्या शासन निर्णयाने हे दोन स्वर वर्णमालेतही आले. त्यामुळे 'कॅप'मधला स्वर परका वाटत नाही. पण एक विनंती आहे, इंग्रजी पुस्तकात प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहून देऊ नका. मूल तो देवनागरीच वाचतं आणि इंग्रजी अक्षरांकडे बघतही नाही. फार तर नवीन शब्दाचा उच्चार तोंडी सांगा. आणि घरचा वेळ मोजका असेल तर सध्या तो मराठीला द्या. मराठीत बारीक खुणेकडे बघायची सवय लागली की तीच नजर इंग्रजीत उपयोगी पडते.

काळजी कधी करायची? केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं, त्याचं उद्दिष्टही तिसरीच्या अखेरीपर्यंत समजून वाचता यावं असंच आहे, म्हणजे तुमच्या मुलाकडे वेळ आहे. आधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या, सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. डोक्यावरची मात्रा दिसतच नसेल तर माझी पाटी काही करू शकणार नाही. तीन-चार महिने रोज नीट सराव होऊनही 'का' आणि 'के' वेगळे होत नसतील, 'पार' आणि 'पोर' यांत काय बदललं हे कानालाही कळत नसेल, फळ्यावरचं उतरवून घेतानाही अक्षरं उलटी होत असतील, तर शाळेशी बोलून अध्ययन अक्षमतेची, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटीची, तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि वेळेवर कळलं तर मुलाला हक्काची मदत मिळते. त्याआधी घरात त्या शब्दाची चर्चा मुलासमोर करू नका.

राहिली शिकवणी. लावायचीच असेल तर त्या बाईंना आधी एवढंच विचारा की बाराखडी कशी घेता. रोज दहा वेळा लिहून आणि म्हणून घेत असतील तर त्याला जे येतंय त्याचाच सराव होईल. प्रत्येक मुलाला शेजारी बसवून रोज थोडं वाचून घेत असतील, कुठे अडतोय ते ऐकत असतील, तर जरूर लावा. मुलं किती आहेत तेही बघा. वीस-पंचवीस मुलांत एकेकाचं वाचन ऐकायला कुणालाच वेळ मिळत नाही, आणि तुमच्या मुलाला सध्या त्याचं ऐकून घेणारं माणूसच हवंय. घरात आजी, आत्या, मोठी बहीण, कुणीही दहा मिनिटं देऊ शकत असेल तर पैसे खर्च करायच्या आधी ते महिनाभर करून बघा, आणि चुकांची ती यादी महिन्याच्या शेवटी परत काढून नवीन यादीशेजारी ठेवा.